आरसेबाईंनी नापास केलेला जोड

आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आरसेबाई आल्या त्या लादी पुसायला. दोन महिने त्यांनी ते काम मन लावून केलं. मग एके दिवशी पुसता पुसता त्या घासकामाच्या टेबलापाशी थांबल्या आणि पुढची सव्वीस वर्षं तिथून हलल्या नाहीत.

मी त्याच प्रयोगशाळेत रिपोर्ट टाईप करायला होतो. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एक काचेची भिंत होती, त्यामुळे बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते त्यांनी सांगितलं, आणि पदरचं घालून सांगायची त्यांना सवय नव्हती.

कारखाना रसायनांच्या टाक्या आणि नळ बनवायचा. मोठा पत्रा वाकवायचा, कडेला कड लावायची आणि वेल्डिंग करून जोडायची. प्रत्येक महत्त्वाच्या जोडाचा एक नमुना आमच्याकडे यायचा. तो नखाएवढा कापायचा, प्लास्टिकच्या चकतीत बसवायचा आणि घासायचा. आधी खरखरीत कागदावर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी हिऱ्याची पूड लावलेल्या मखमली कापडाच्या फिरत्या तबकडीवर. इतका, की त्यात आपले दात दिसावेत. त्यानंतर तो ॲसिडने किंचित खाऊ द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. मग कळतं की बाहेरून अखंड दिसणारा धातू आतून लहान लहान कणांचा बनलेला असतो, एकाला एक खेटून बसलेल्या. ते कण आणि त्यांच्यामधल्या सीमा पाहून जोड चांगला की वाईट ते ठरवायचं.

त्या दिवशी घासकाम करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि आमचे साहेब स्वतःच नमुना घासत बसले होते. साहेबांना सगळे डॉक्टर म्हणत. ते धातूंचे डॉक्टर होते, पण कारखान्यातले निम्मे लोक त्यांना खोकल्यावर औषध विचारायचे. सुरुवातीला ते समजावून सांगत, नंतर कंटाळून गुळण्या करायला सांगू लागले. तर डॉक्टर घासतायत, बघतायत, वैतागून परत घासतायत, आणि हातात ओला फडका घेऊन उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हात न धुता पुढच्या कागदावर जाताय. मागच्या कागदाची खर नखात राहते, म्हणून रेघा जात नाहीत."

दोन महिने तीच खर फरशीवरून गोळा करत होत्या त्या, त्यांना माहीत असणारच. डॉक्टरांनी हात धुतले. रेघा गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना एक खराब नमुना सरावाला दिला आणि तिसऱ्या दिवशी लादी पुसायला दुसरं माणूस शोधायला सांगितलं.

आरसेबाई हे नाव वर्षभरात पडलं, कारण त्यांच्या हातून आलेला नमुना म्हणजे आरसाच. खरं नाव हजेरीपटात राहिलं. शाळा अर्धवट सुटलेली, पण डॉक्टर काय बघतात आणि बघून काय म्हणतात ते त्या टिपून ठेवत. हळूहळू डॉक्टर आधी त्यांना विचारायला लागले, "काय दिसतंय, बाई?" आणि मग स्वतः वाकून बघायला लागले.

नमुन्यांवर फक्त आकडा असायचा, कुणाचं नाव नाही. तरी बाईंना हात ओळखू येऊ लागले. हा घाईचा, याला चहाची तलफ आलेली, हा शेवटच्या थरात दमलेला. एक हात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा चालायचा. त्यांनी फोरमनला विचारलं. तो म्हणाला, हा रेशीम. जोड असा टाकतो की घडी घातलेलं रेशीम वाटावं, म्हणून तेच नाव. बाईंनी आणखी दोन-तीन गोष्टी सहज विचारल्यासारख्या विचारल्या, त्यातली एक लग्न झालंय का ही होती.

बाईंची लेक गाडी चालवायला शिकवायची. बाईंनी एकदा नमुना द्यायला आलेल्या रेशीमला सांगितलं की आजकाल गाडी येत नसेल तर माणूस अडून बसतो, आणि लेकीच्या क्लासचा पत्ता दिला. लेक कोण हे सांगितलं नाही. गाडी शिकायला इतरांना महिना लागतो, याला सात लागले. त्यातले सहा महिने त्याला गाडी उत्तम येत होती. पुढे बाई अभिमानाने सांगायच्या की, मुलगा बघण्याआधी मी त्याचं काम पाचशेपट मोठं करून बघितलं होतं. त्यांचे यजमान शिंपी. त्यांनी होणाऱ्या जावयाचं कोटासाठी माप घेतलं आणि एक खांदा जरा उतरता आहे एवढंच मत दिलं.

लग्न झालं. रेशीम कारखान्यात सासूला बाई म्हणायचा आणि फाटकाबाहेर आई. बाई मात्र दोन्हीकडे जावईबापूच म्हणत, त्यामुळे अख्खा कारखाना त्याला जावईबापू म्हणायला लागला आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा.

दोन वर्षांनी निकेलची टाकी आली.

म्हणजे टाकी बनवायचं काम आलं. कुठल्याशा रसायनाच्या कारखान्याला असं गरम ॲसिड साठवायचं होतं, जे स्टेनलेसचीही महिन्याभरात चाळणी करेल. त्यासाठी निकेलमध्ये क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेला खास धातू लागतो. आमच्याकडे तो पहिल्यांदाच येत होता. पत्रे आले तेव्हा फोरमनने ते चादरीत गुंडाळून ठेवले. टाकीला हात लावण्याआधी चाचणीची एक पट्टी जोडून पास करून घ्यायची होती, आणि ती कोण जोडणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

रेशीमने ती जोडली आणि लोक बघायला आले. एका रेषेत बसलेल्या खवल्यांसारखा जोड. एक्स-रे काढला, आत एक भोक नाही. वाकवून पाहिली, चीर नाही. मग पट्टी आमच्याकडे आली.

बाईंनी नमुना कापला, घासला, ॲसिडात बुडवून दहा सेकंद वीज दिली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग त्यांनी नमुना काढला आणि पहिल्या कागदापासून पुन्हा घासायला घेतला. दुपारपर्यंत त्यांनी हे तीनदा केलं. तिसऱ्या वेळी सोबत न जोडलेल्या पत्र्याचा एक तुकडाही घासून त्याच ॲसिडात तितकाच वेळ ठेवला. पत्रा स्वच्छ होता. जोडाच्या शेजारच्या पट्ट्यात मात्र कणाकणांमधल्या सीमा काळ्या आणि जाड झाल्या होत्या, बारीक मण्यांची माळ ओढावी तशा.

त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, या नमुन्यावर मत द्यायला मला सांगू नका, हा घरचा हात आहे. डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. त्यांना तेच दिसलं. तरी खात्रीसाठी उरलेला तुकडा एक दिवस उकळत्या ॲसिडात ठेवला. बाहेर काढला तेव्हा जोडाला समांतर, दोन्ही बाजूंना, धातू करवतीने ओरखडल्यासारखा झाला होता. मी रिपोर्ट टाईप केला. अति उष्णतेमुळे जोडाशेजारील रचना बिघडली, नापास. नियमाप्रमाणे तो फळ्यावर लागला आणि रेशीमने तो इतर सगळ्यांबरोबर उभं राहून वाचला.

सुट्टीच्या दिवशी लेक आणि जावई जेवायला आले. ताटं वाढली आणि लेकच आईवर घसरली. फळ्यावर लावायच्या आधी एकदा तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिचं म्हणणं. बाई म्हणाल्या की, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का? लेकीकडे याचं उत्तर होतं, पण ते तिने भांडी आपटून दिलं.

रेशीम ताटाकडे बघत बोलला. हा धातू स्टेनलेससारखा वाहत नाही, घट्ट पिठासारखा जागच्या जागी बसतो. त्याला हलवायला करंट वाढवावा लागला, हात दोन्हीकडे झुलवावा लागला. जोडात एक भोक नाही, मग नापास कशात? आणि मग त्याने मनातलं काढलं.

"आई, ते काळं माझ्या जोडात नव्हतंच. तुमच्या ॲसिडने केलंय."

यजमानांना वाटलं आपण मध्ये पडावं. ते म्हणाले की शिवण सहसा उसवत नाही, सुई जाड असली तर शिवणीशेजारचं कापड फाटतं, तसंच असेल. जावई म्हणाला, मी शिंपी नाही. यजमानांनी आणखी भात वाढून घेतला.

बाईंना राग आला नाही. उलट त्या विचारात पडल्या, कारण शंका रास्त होती. जास्त वेळ वीज दिली तर चांगला नमुनाही काळा पडतो. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच करून बघा. मी हात लावणार नाही."

दोन दिवसांनी रेशीम आपली पाळी संपवून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून प्रयोगशाळेत हजर झाला. सासूची चूक पकडायला आला होता, हे त्याच्या चालण्यातच दिसत होतं. बाईंनी त्याला एप्रन दिला, एक तुकडा पत्र्याचा आणि एक त्याच्या जोडाचा दिला, आणि स्टुलावर बसल्या.

पहिल्या कागदावर त्याने अर्धा तास घासलं. बाईंनी चकती उजेडात तिरकी धरली आणि सांगितलं, अजून एक रेघ आहे. त्याने पुन्हा घासलं. अजून एक आहे. दुसऱ्या कागदावर, तिसऱ्या कागदावर, तेच. शर्टाची इस्त्री गेली, बोटांची सालं निघाली. निकेल मऊ आणि चिकट, रेघ जाण्याऐवजी नुसती सारवली जाते आणि खाली लपून बसते. मला त्या दिवशी काही टाईप करायला नव्हतं, असतं तरी केलं नसतं. चौथ्या तासाला कुठे आरसा आला. मग दोन्ही तुकडे त्याने स्वतः ॲसिडात धरले, बटण स्वतः दाबलं, दहापर्यंत स्वतः मोजलं.

पत्र्याचा तुकडा त्याने आधी पाहिला. मग आपला. मग पुन्हा पत्र्याचा. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता त्याने विचारलं, "हे जोडाच्या बाजूलाच का?"

बाईंनी त्याला समजावलं ते डॉक्टरांकडून कानावर पडलेलं आणि वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. या धातूला ॲसिड खात नाही, कारण त्यातले क्रोम आणि मॉलिब्डेनम सगळीकडे सारखे पसरलेले असतात. जोड वितळतो आणि लवकर थिजतो. शेजारचा पट्टा वितळत नाही, पण तापलेला राहतो. तेवढ्या वेळात मॉलिब्डेनम सरकत सरकत कणांच्या सीमेवर गोळा होतं आणि तिथे त्याच्या गाठी बनतात. त्या गाठींच्या आजूबाजूचा धातू रिता होतो. ॲसिड तिथूनच आत शिरतं. एक्स-रेमध्ये भोक दिसतं, हे नाही दिसत.

"किती वेळ तापलेला राहिला तर?" त्याने विचारलं.

बाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. नंतर त्या मला म्हणाल्या की ज्याला दोष लपवायचा असतो तो हे विचारत नाही.

डॉक्टरांनी पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांमधून पाच छोट्या पट्ट्या दिल्या. पुढचा आठवडाभर रेशीम नव्याने शिकला. करंट कमी. हात झुलवायचा नाही, सरळ बारीक ओळी टाकायच्या, एकावर एक. आणि दोन ओळींच्या मध्ये थांबायचं, पत्रा जवळजवळ हात लावण्याइतका निवेपर्यंत. हे थांबणं त्याला सगळ्यात जड गेलं. एवढा नावाजलेला कारागीर वेल्डिंगचा टॉर्च बाजूला ठेवून हाताची घडी घालून उभा आहे हे बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. बाई रोज वेल्डिंग विभागात जाऊन जोडून झालेल्या पट्ट्यांवर मेणाच्या पेन्सिलीने आकडे घालायच्या, नमुन्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून. पाचवी पट्टी आतून जवळजवळ कोऱ्या पत्र्यासारखी दिसली.

मग चाचणीची दुसरी पट्टी. बाईंनी कापायच्या जागांच्या खुणा आधीच करून ठेवल्या, कडेपर्यंत नीट. रेशीमने जोड टाकला. यावेळी शेजारचा पट्टा स्वच्छ होता, पण जोडाच्या आतच एक केसासारखी चीर निघाली.

विभागात बोललं जाऊ लागलं की रेशीमचा हात गेला. वाईट म्हणजे त्याचं त्यालाही तसंच वाटू लागलं. लेकीने बाईंना फोनवर सांगितलं की तो घरी येतो आणि आपले हात बघत बसतो.

डॉक्टरांनी चिरेची तपासणी केली तेव्हा तिच्यात गंधक सापडलं. निकेलला गंधकाचं वावडं असतं. चिमूटभरही जोडात गेलं तरी थिजताना तो कणाच्या सीमेवर फाटतो. पण गंधक आलं कुठून? रेशीमने कडा धुतल्या होत्या, हातमोजे नवे होते, ब्रशही नवा. डॉक्टर तेलाचा डबा, चिंध्या, खडू असं एकेक तपासायला सांगत होते. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून आपली मेणाची पेन्सिल काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही पण बघा, साहेब."

पेन्सिलीत गंधक होतं. कडा धुऊन झाल्यावर, जोड टाकायच्या आधी, त्यावर बाईंनीच खुणा केल्या होत्या.

त्या माझ्या खोलीत आल्या आणि समोर बसून रिपोर्ट सांगू लागल्या. चीर पडण्याचं कारण, प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेली खूण. मी म्हटलं, बाहेरची अशुद्धता असं लिहू या, खोटंही नाही आणि कुणाला विचारायलाही जागा नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यावरही एक रेघ राहिली असावी.

"त्याच्या वेळी तुम्ही अति उष्णता लिहिलंत," त्या म्हणाल्या. "हवामान नाही लिहिलं."

मी सांगितलं तसं टाईप केलं. कागद फळ्यावर लागला. पाळी बदलायच्या वेळी, दोन्ही पाळ्यांची माणसं असताना, बाई विभागात गेल्या आणि रेशीमच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या की चूक माझी होती, तुमचा हात बरोबर होता. मी मागे होतोच, कागद चिकटवायचा बहाणा करून.

रेशीमने टॉर्च उचलला, ठेवला. शेवटी म्हणाला, "मीच एकदा पुसून घ्यायला हवं होतं, आई."

फाटकाच्या आत तो पहिल्यांदाच आई म्हणाला होता. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या की पुसावी लागेल अशी खूणच करायला नको होती, आणि परत आल्या. त्या दिवसापासून त्या आकडे पत्र्याच्या मागच्या कोपऱ्यात ठोकून घालायला लागल्या.

तिसरी पट्टी पास झाली. टाकी चार महिन्यांत तयार झाली. तिच्यावरचे जोड पूर्वीइतके देखणे नव्हते, बारीक ओळी ओळी दिसायच्या, आणि नव्याने कामाला लागलेले लोक विचारायचे की रेशीम हे नाव कशावरून. निकेलचं काम मात्र त्यानंतर वाढतच गेलं आणि ते करणाऱ्या सगळ्यांना शिकवायची जबाबदारी त्याच्यावर आली. शिकवायला तो कडक होता. पहिले दोन दिवस टॉर्चला हात लावू द्यायचा नाही, आमच्याकडे घासायला पाठवायचा. बाई तक्रार करायच्या की कागद लवकर संपतात.

तीन वर्षांनी ती टाकी रिकामी करून तपासायला उघडली, तेव्हा बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी यावं असं बोलावणं आलं. डॉक्टरांनी रेशीमचं नाव दिलं आणि सोबत बाईंचं. बाईंनी आयुष्यभर नखाएवढे तुकडे पाहिले होते, उभी टाकी चालू जागेवर कधीच पाहिली नव्हती. टाकी बघून त्यांनी आधी विचारलं की आत जायचं कुठून. तिच्या पोटाला एक गोल तोंड होतं, माणूस वाकून जाईल एवढं. तिथल्या लोकांनी आत हवा खेळवली, त्यांना शिरस्त्राण आणि बॅटरी दिली, आणि त्या जावयाच्या मागोमाग आत शिरल्या.

आत काय झालं ते रेशीमने मला सांगितलं. ते लोक जाडी मोजत होते, आणि बाई एक जोड धरून त्याच्या कडेकडेने अंगठा फिरवत पूर्ण गोल चालून आल्या. शेवटी त्याने विचारलं, कसा आहे?

"नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण अंगठ्याला कुठे अडलं नाही."

तिथल्या लोकांचे आकडेही तेच सांगत होते. जोडाजवळची जाडी आणि पत्र्याची जाडी यांत फरक नव्हता. बाहेर येताना मात्र बाई त्या गोल तोंडात अडकल्या. आतून जावयाने ढकललं, बाहेरून दोघांनी ओढलं, आणि शिरस्त्राण आतच घरंगळत गेलं. बाहेर आल्यावर त्या पाच मिनिटं हसत होत्या.

घरी लेकीने विचारलं तेव्हा त्यांनी अंगठ्याचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की टाकी खूप मोठी आहे, आपलं स्वयंपाकघर आणि बाबांचं शिवणाचं मशीन धरून अर्धी बाहेरची खोली आत मावेल, आणि तुझ्या नवऱ्याने ती सगळी थांबून थांबून जोडली आहे.